पेपरचा खरा मालक कसा शोधायचा

वाचनालयात पेपरच्या फायली मीच लावतो, म्हणून सांगतो. कुठल्याही जुन्या वर्षाचा मार्चमधला पहिला अंक काढा. आतल्या पानावर, बहुतेक वेळा टेंडरच्या गर्दीत, बारीक टायपात ‘फॉर्म ४’ सापडेल. (मुद्दाम दडवल्यासारखाच छापतात!) मालक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवलवाले त्यात असतात.

नाव कंपनीचं निघालं तर तिचे भागधारक बघा. कंपनी शेअर बाजारात असेल तर बीएसईच्या साइटवर ते फुकट दिसतात. पण तिथंही मागे कंपनीच असू शकते. एनडीटीव्हीचे २९.१८ टक्के शेअर आरआरपीआर होल्डिंग या कंपनीकडे होते. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानींनी आरआरपीआरला कर्ज दिलेली विश्वप्रधान कमर्शियल ही कंपनी घेतली आणि तिच्यामार्फत आरआरपीआरवर हक्क सांगितला.

पेपर-टीव्ही दोन्हींवर एकाचंच वर्चस्व नको, ही ट्रायची (दूरसंचार-प्रसारणावरच्या सरकारी नियामकाची) २०१४ ची शिफारस कागदावरच आहे. तेव्हा माहिती-प्रसारण मंत्रालयाच्या चॅनल-यादीतही तेच नाव शोधा.