एफपीव्ही गॉगलचा डबा चिकटवण्याआधी

एफपीव्ही गॉगल, म्हणजे रिमोटच्या विमानावरच्या कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांसमोर दाखवणारा डबा, घरी बनवायचा म्हटलं की हात आधी कटरकडेच जातो. माझाही गेला होता, रात्री बसून मस्त डबा कापला, चिकटवला, दुसऱ्या दिवशी स्क्रीन हातात आली तर ती डब्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर जास्त रुंद. म्हणून सांगतो, डबा सगळ्यात शेवटी. आधी स्क्रीन, चित्र पकडणारा रिसीव्हर, लेन्स, बॅटरी, अँटेना सगळं टेबलावर मांडा, वायरी जोडा, कॅमेऱ्याचं चित्र डोळ्यांना नीट दिसू द्या, तोपर्यंत ग्लूगन प्लगमध्ये घालूच नका.

स्क्रीनपासून सुरू करू, कारण घोडं तिथेच अडतं. ५ इंची, ८०० बाय ४८० वाली घ्या, ४.३ इंची ४८० बाय २७२ वाली चालते पण लेन्समधून तिचे ठिपके मोजता येतात. साइजपेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे निळा पडदा. गाडीच्या रिव्हर्स कॅमेऱ्याच्या बऱ्याच स्क्रीन सिग्नल जरा कमजोर झाला की सरळ निळ्या होतात, गाडीत त्याने काही बिघडत नाही, पण विमान हवेत असताना तुम्ही चक्क आंधळे होता. अ‍ॅनालॉगची खरी मजा हीच की चित्र एकदम जात नाही, आधी मुंग्या येतात, मग रंग जातो, मग रेघा, आणि तेवढ्यात विमान वळवून घ्यायला वेळ मिळतो. तेव्हा आपल्याला मुंग्या दाखवणारी स्क्रीन पाहिजे. विकणारा काहीही लिहू दे, स्वतः बघा: सगळं चालू करून रिसीव्हरचा अँटेना काढा, कॅमेरावाला भाग दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा, आणि चित्र खराब होताना स्क्रीन काय करते ते बघा. काढायचा तो रिसीव्हरचाच हं, व्हीटीएक्सचा, म्हणजे विमानातून चित्र पाठवणाऱ्या भागाचा, नाही, व्हीटीएक्स अँटेनाशिवाय चालू केला तर जळू शकतो. पाल आणि एनटीएससी हे व्हिडिओ सिग्नलचे दोन्ही प्रकार स्क्रीन घेते ना तेही त्याच वेळी बघून टाका.

रिसीव्हरमध्ये फार डोकं लावायचं नाही. ५.८ गिगाहर्ट्झचा, ४० चॅनेलवाला घेतला की पाचही बँड, म्हणजे चॅनेलचे गट, येतात. जुना ८ चॅनेलवाला कोणी दिला तर तुमच्या व्हीटीएक्सचे फ्रिक्वेन्सीचे आकडे त्यात आहेत का ते जुळवा, ५८०० मेगाहर्ट्झ एका बाजूला आणि ५८०६ दुसऱ्या बाजूला असलं की चित्र येतं खरं पण रेंज कमी पडते आणि आपण उगाच अँटेनाला शिव्या देत बसतो.

अँटेना घेताना एसएमए आणि आरपी-एसएमए या अँटेना जोडायच्या दोन कनेक्टरांचा घोळ सांभाळा. आटे दोघांचेही एकमेकांत बसतात, पण मधली पिन कुठेच टेकत नाही, आणि बाहेरून बघून काही कळत नाही. फिरवण्याआधी आत डोकावून बघा, एकीकडे पिन आणि दुसरीकडे भोक असलंच पाहिजे. गोल पोलरायझेशनचे, म्हणजे लहरी पिळत पाठवणारे, अँटेना घेत असाल तर दोन्हीकडे एकाच पिळाचे, उजवा तर दोन्हीकडे उजवा.

आता लेन्स. चपटी फ्रेनेल लेन्स, म्हणजे पुस्तक वाचायच्या प्लास्टिकच्या भिंगासारखी, स्वस्त आणि हलकी, कात्रीने कापता येते. तिची फोकल लेंग्थ पाकिटावर लिहिलेली असेल तरी मोजा: खिडकीसमोरच्या भिंतीजवळ लेन्स धरा, मागेपुढे करा, बाहेरचं झाड भिंतीवर उलटं आणि स्पष्ट उमटलं की लेन्स ते भिंत अंतर मोजा, तीच फोकल लेंग्थ. स्क्रीन त्याहून किंचित जवळ ठेवायची. मायनस नंबरचा चष्मा असेल आणि तो काढून बघणार असाल तर अजून थोडी जवळ. साधारण १५ सेंटिमीटरवर ५ इंची स्क्रीन आडवी ४० अंशाच्या आसपास दिसते, तेवढी पुरते. खरखरीत बाजू कुठे हे दोन्हीकडून लावून ठरवा, जिकडून कोपरे साफ दिसतील ती बाजू खरी. आणि लेन्सवर झाकण हवंच, आधीच करून ठेवा! गॉगल उलटा उन्हात राहिला की तीच लेन्स ऊन गोळा करून स्क्रीनवर टाकते. माझ्या स्क्रीनच्या मधोमध तांदळाच्या दाण्याएवढा तपकिरी डाग आहे, चहा प्यायला गेलो होतो तेवढ्यातला.

बॅटरीचं गणित आधी कागदावर करा. स्क्रीन आणि रिसीव्हर दोन्हीवर लिहिलेले व्होल्ट वाचा, ३ सेलचा लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) नावाला ११.१ व्होल्ट पण फुल चार्ज झाल्यावर १२.६ असतो, तेवढे दोघांना झेपतात का बघा, नाहीतर मध्ये व्होल्ट कमी करणारा रेग्युलेटर. दोघं मिळून ५०० मिलीअँप खात असतील तर १००० एमएएचवर दोन तास दिसतात, पण लायपो तळापर्यंत काढायचा नसतो म्हणून दीडच धरा. प्रति सेल ३.५ व्होल्टला ओरडणारा छोटा बझर लावा. पहिल्यांदा वायर जोडायच्या आधी मल्टिमीटरने प्लस-मायनस बघा, धूर निघाल्यावर बघून उपयोग नाही.

एवढं झालं की मग डबा. ५ मिलीमीटरचा फोमबोर्ड, आतून काळा कागद. थर्माकोल असेल तर स्प्रे पेंट मारू नका, विरघळतं. लेन्सवर वाफ धरते म्हणून बाजूला दोन भोकं ठेवा, उजेड आत येणार नाही अशी. बॅटरी पट्ट्याला मागे बांधा, नाहीतर सगळं वजन नाकावर येतं. अँटेना डोक्याच्या वर निघाला पाहिजे, कारण विमानाकडे पाठ झाली की आपलंच डोकं सिग्नल अडवतं.

मैदानावर जायच्या आधी तुमच्याकडचे एफपीव्हीचे नियम वाचून घ्या, आणि शेजारी उभं राहून नुसत्या डोळ्यांनी विमानावर नजर ठेवणारा एक माणूस पक्का करा. पहिल्या दिवशी विमान उडवायचा ट्रान्समीटर त्याच्याच हातात द्या, तुम्ही खुर्चीत बसून फक्त बघा. पाच मिनिटांत गरगरलं तर लेन्सचं अंतर चुकलंय की पोट, हे खुर्चीत बसूनच कळलेलं बरं.