अंधारात डोळे सरावायचे कसे आणि टॉर्चने प्राणी हेरायचे कसे

मांजराला अंधारात दिसतं, माणसाला दिसत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. दोन्ही गोष्टी अर्ध्याच खऱ्या. उजेडाचा कणही नसेल तर मांजरही आंधळंच. आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडातही माणूस पायवाट ओळखू शकतो, फक्त त्यासाठी डोळ्यांना अर्धा तास द्यावा लागतो. बहुतेक जण पाचव्या मिनिटाला टॉर्च लावतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

हा अर्धा तास कशासाठी? बाहुली काही सेकंदांतच २ मिलिमीटरवरून ७ मिलिमीटरपर्यंत रुंदावते, पण त्यातून आत येणारा उजेड जेमतेम १२ पट वाढतो. भर ऊन आणि चांदणं यांतला फरक मात्र लाखो पटींचा असतो. तो भरून काढायचं खरं काम दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर होतं. तिथे रंग आणि बारकावे टिपणाऱ्या शंकूपेशी साधारण ६० लाख, तर मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी सुमारे १२ कोटी असतात. दंडपेशींमधलं ऱ्होडॉप्सिन हे रंगद्रव्य उजेडात विघटित होतं आणि अंधारात ‘अ’ जीवनसत्त्वापासून हळूहळू पुन्हा तयार होतं. शंकूपेशी ५ ते १० मिनिटांत सरावतात. मग थोडा वेळ सुधारणा थांबल्यासारखी वाटते, आणि नेमके इथेच लोक कंटाळतात. थोडं थांबा, यानंतर दंडपेशी पुढे सरसावतात आणि ३० मिनिटांपर्यंत नजर उजळत जाते. त्यानंतरही थोडी भर पडते, पण ती किरकोळ.

रात्री आकाश किंवा प्राणी पाहायला जायचं असेल तर तयारी दिवसाच सुरू करा. दिवसभर कडक उन्हात उघड्या डोळ्यांनी वावरलात तर रात्री सरावायला जास्त वेळ लागतो, म्हणून गॉगल वापरा. अंधारात पोचल्यावर मोबाइल खिशातच राहू द्या. उजेड लागणारच असेल तर टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर रबरबँडने बसवा. गडद लाल उजेड दंडपेशींना जवळपास जाणवत नाही, त्यामुळे ऱ्होडॉप्सिन टिकून राहतं. मात्र हा उजेडही मंदच हवा. हातातला कागद जेमतेम वाचता येईल इतका पुरे. लाल पण प्रखर टॉर्चने काहीच साधत नाही. नकाशावरच्या लाल रेषा या उजेडात गायब होतात, म्हणून खुणा काळ्या शाईने करून ठेवा. अचानक समोरून गाडी आली तर एक डोळा तळहाताने झाका. दोन्ही दृष्टिपटलं स्वतंत्रपणे सरावतात, त्यामुळे झाकलेल्या डोळ्याची कमाई वाचते.

आता पाहण्याची पद्धत. दिवसाची सवय इथे आड येते. आपण जिथे रोखून पाहतो, ती प्रतिमा दृष्टिपटलाच्या मधोमध पडते, आणि तिथे दंडपेशी मुळीच नसतात. त्या सगळ्यात दाट असतात मध्यापासून १५ ते २० अंशांवर. त्यामुळे अंधुक तारा सरळ पाहिला की विरतो आणि नजर थोडी बाजूला नेली की परत उमटतो. हात पूर्ण लांबवून मूठ धरली तर ती सुमारे १० अंश भरते. लक्ष्यापासून एक ते दीड मूठ वर किंवा खाली पाहा. दुर्बिणीतून एका डोळ्याने पाहताना आडव्या दिशेत चूक होते: अंधबिंदू, म्हणजे त्या डोळ्याला काहीच दिसत नाही ती जागा, कानाकडच्या बाजूला १५ अंशांवरच असतो आणि वस्तू नेमकी त्यात हरवते. उजव्या डोळ्याने पाहत असाल तर नजर वस्तूच्या उजवीकडे न्या, म्हणजे वस्तू नाकाच्या बाजूला राहील.

नजर एका जागी खिळवू नका. स्थिर नजरेतली अंधुक वस्तू काही सेकंदांत पुसली जाते. उलट, काळोखात एकटाच दिवा टक लावून पाहिला तर तो जागेवरून हलल्याचा भास होतो. शेजारच्या झाडाच्या शेंड्याशी पडताळून पाहा. रंग दिसणार नाहीत, लाल फूल तर जवळजवळ काळं दिसेल. बारकावेही दिसणार नाहीत, कारण अनेक दंडपेशींचे संदेश एकत्र करूनच मेंदूपर्यंत जातात. संवेदनक्षमता वाढते ती स्पष्टतेच्या मोबदल्यात.

अर्धा तास थांबूनही सोबतच्यांना दिसतं ते तुम्हाला दिसत नसेल, अडखळायला होत असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. रातांधळेपणा ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येतो तसाच मोतीबिंदूने आणि दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजारांनीही येतो. स्वतःच्या मनाने गोळ्या घेऊ नका. ‘अ’ जीवनसत्त्व जादा झालं तर यकृताला इजा होते.

मांजर, कुत्रा, गाय, हरीण यांच्या दृष्टिपटलामागे आरशासारखा थर असतो, त्याला टॅपेटम म्हणतात. पहिल्या फेरीत निसटलेला उजेड तो परत दृष्टिपटलावर फेकतो, त्यामुळे दंडपेशींना तो टिपायची दुसरी संधी मिळते. उरलेला उजेड आला त्याच दिशेने बाहेर पडतो, ती डोळ्यांची चमक. म्हणूनच टॉर्च कमरेशी धरून चालणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. टॉर्च कानशिलाला टेकवून, नजरेच्या रेषेत धरा, किंवा हेडलॅम्प लावा. झोत हळू फिरवा, प्रत्येक झुडपाशी क्षणभर थांबा. गवतात दवासारखे बारीक ठिपके चमकले तर जवळ जाऊन पाहा. जमिनीवर शिकार करणाऱ्या काही कोळ्यांचे डोळेही असेच चमकतात.

चमकेच्या रंगावरून प्राणी ठरवायचा मोह टाळा. झोताचा कोन आणि प्राण्याचं वय बदललं की रंगही बदलतो. डोळ्यांमधलं अंतर, जमिनीपासूनची उंची आणि हालचाल यांवर जास्त भरवसा ठेवा. आणि डोळे सापडले की दोन सेकंदांत झोत खाली वळवा. त्या प्राण्याचं ऱ्होडॉप्सिनही आपल्यासारखंच उजेडात उडतं. झोत रोखून धरला तर तो काही काळ आंधळेपणानेच पळेल. पुढचं निरीक्षण लाल झोताच्या कडेने करा.