इसब असलेल्या त्वचेची भिंत रोज कशी सांधावी

पुण्यात डिसेंबरची कोरडी थंडी सुरू झाली की इसब असलेल्या मुलाच्या कोपराच्या खोबणीत आणि गुडघ्यामागे आधी खरखर येते, मग खाज सुटते, आणि सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसतात. हा केवळ खाजेचा आजार नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सेरामाइडसारखे स्निग्ध पदार्थ त्यांना चुन्यासारखे धरून ठेवतात. फिलाग्रिन हे प्रथिन कमी पडले की, आणि काहींच्या जनुकांतच तो दोष असतो हे २००६ मध्ये उघड झाले, या भिंतीला फटी पडतात. आतले पाणी उडून जाते, बाहेरचे जंतू शिरतात, रोगप्रतिकारशक्ती खवळते आणि तिने सोडलेली रसायने फिलाग्रिन आणखी घटवतात.

म्हणून पहिली पायरी आंघोळीची. गिझरचे कढत पाणी टाळून कोमट पाण्याने ५ ते १० मिनिटांत आंघोळ उरकावी. नेहमीचा साबण अल्कधर्मी, तर निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते. त्यामुळे सौम्य, बिनवासाचा क्लीन्झर वापरावा आणि दिवाळीतले उटणे या मुलांना लावू नये, घरातल्या वडीलधाऱ्यांना ते रुचले नाही तरी.

त्यानंतर अंग न घासता टॉवेलने टिपावे आणि त्वचा ओलसर असतानाच, साधारण ३ मिनिटांत, बिनवासाचे मॉइश्चरायझर सढळ हाताने लावावे. डबीत बोटे न घालता स्वच्छ चमच्याने मलम काढावे. ते कपड्यांत मुरले की कापड चटकन पेट घेते, हे समई आणि गॅसजवळ विसरू नये.

लाल, सुजलेल्या चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेले स्टिरॉइड मलमच लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत काढलेली मलमाची रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. गजकर्णासाठी मिळणारी, स्टिरॉइड आणि बुरशीवरचे औषध एकत्र असलेली मिश्र मलमे औषधांच्या दुकानातून परस्पर आणू नयेत.

नखे कापलेली ठेवावीत आणि चट्टे रोज उजेडात पाहावेत. इसबाच्या त्वचेवर स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सहज ठाण मांडतो. चट्ट्यातून पातळ पाणी झिरपणे, मधासारखी पिवळी खपली धरणे, जागा गरम लागणे ही त्याच्या संसर्गाची लक्षणे, आणि तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. ओठांवर नागीणीसारखे फोड आलेल्या पाहुण्याला बाळाचा पापा घेऊ देऊ नये. एकाच आकाराचे, दुखरे, मध्ये खोल गेलेले फोड झपाट्याने पसरले आणि ताप आला, तर तो हर्पिसचा, म्हणजे ओठांवर असे फोड आणणाऱ्या विषाणूचा, संसर्ग असू शकतो. फोड डोळ्याजवळ असोत वा नसोत, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.