उधारीवर माल देताय? मग हुंडी नीट लिहून घ्या

एक गोष्ट आधीच क्लियर करतो, हुंडीला बिलही म्हणतात, पण ते जीएसटीचं बिल नाही. मी बोलतोय ते बिल ऑफ एक्सचेंज, आपल्या बाजारातली मुदती हुंडी, शाळेच्या बुककीपिंगमध्ये ज्याला विपत्र म्हणायचे ते, म्हणजे ठरलेल्या मुदतीनंतर अमुक रक्कम द्या असा लेखी हुकूम. कायदा १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, चेक ज्यात येतो तोच.

समजा तुम्ही इचलकरंजीचे सूत व्यापारी आणि मालेगावच्या यंत्रमागवाल्याला ५ लाखांचं सूत तीन महिन्यांच्या उधारीवर दिलं. हुंडी तुम्ही काढायची, त्याच्यावर, आणि त्याने त्यावर "स्वीकारली" लिहून सही करायची. त्याची सही होईपर्यंत तो कागद म्हणजे तुमची नुसती मागणी, हुंडीवर तो बांधला जात नाही. सहीला दिली की विचार करायला त्याला ४८ तास मिळतात, सुट्ट्या सोडून. "बघू, पुढच्या आठवड्यात करतो" याला हो म्हणू नका, विशेषतः हुंडी एकाने सही करून दुसऱ्याला देत तुमच्यापर्यंत आली असेल आणि तिच्यावर आधीच्या लोकांच्या सह्या असतील तर, कारण त्यांना न विचारता जास्त वेळ दिला की ते मोकळे होतात.

मजकुरात अट नको. "सूत विकलं गेलं की ५ लाख द्यावे" असं लिहिलं की ती हुंडीच नाही. गंमत म्हणजे "काका वारल्यावर द्यावे" चालतं कारण ते कधीतरी होणारच, "काकाचं लग्न झाल्यावर" मात्र चालत नाही. रक्कम आकड्यात आणि अक्षरात वेगवेगळी पडली तर अक्षरातली धरतात. आणि मागितल्याबरोबर जो आणेल त्याला पैसे द्या, असली बेअरर हुंडी काढूच नका, रिझर्व्ह बँकेच्या कायद्याने तशी हुंडी काढायला बंदी आहे.

आता स्टॅम्प, सगळ्यात जास्त लोक इथे मार खातात. मुदती हुंडीला स्टॅम्प लागतो, तोही सहीच्या आधी किंवा सही करतानाच. बाकी बऱ्याच कागदांना नंतर दंड भरून कोर्टात आणता येतं, हुंडीला आणि प्रॉमिसरी नोटला ती सोय नाही, स्टॅम्प कमी पडला की तो कागद पुराव्यात घेत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका पार्टीने साध्या लेटरहेडवर लिहून घेतली होती, वकिलाने बघितली आणि फाईल बंद करून परत दिली. हुंडी पेपर (स्टॅम्प छापलेला कागद) आणा, चालू दर वकिलाला नाहीतर सीएला विचारून घ्या, दोन-चार रुपये वाचवायला जाऊ नका.

तारीख कशी मोजायची ते जरा नीट बघा. हुंडी १२ मेची, मुदत तीन महिने, म्हणजे १२ ऑगस्ट, त्यावर कायद्याने सवलतीचे ३ दिवस, म्हणजे १५ ऑगस्ट. पण त्या दिवशी सुट्टी, आणि अशा वेळी तारीख पुढे नाही तर मागे सरकते, म्हणजे हुंडी पिकते, म्हणजे पैसे द्यायचा दिवस येतो, १४ ऑगस्टला. हेच "तीन महिने" ऐवजी "९० दिवस" लिहिलं असतं तर १० ऑगस्ट अधिक ३ दिवस, म्हणजे १३ ऑगस्ट. ३१ जानेवारीची एक महिन्याची हुंडी असेल (लीप वर्ष नसलेलं धरा) तर २८ फेब्रुवारी अधिक ३, म्हणजे ३ मार्च. आणि पैसे मागायला त्याच दिवशी, धंद्याच्या वेळेत जायचं. उशीर केला तर स्वीकारणारा सुटत नाही, पण हुंडी तुमच्याकडे दुसऱ्याकडून सही होऊन आली असेल तर मधले सगळे सुटू शकतात.

पैसे आले नाहीत तर मधल्या सगळ्यांना लगेच नोटीस. गाव वेगळं असेल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत टपालात पडलीच पाहिजे. स्वीकारणाऱ्याला नोटीस लागत नाही, नकार दिलाय तर तो त्याला माहितीच आहे. नोटरीकडून नोटिंग, म्हणजे नकाराची हुंडीवर नोंद, करून घेतलं तर नकाराचा पुरावा पक्का होतो, देशातल्या हुंडीला ते सक्तीचं नाही पण मी तरी करायला सांगतो.

अजून एक गैरसमज, कलम १३८ ची, म्हणजे चेक बाउन्सची, क्रिमिनल केस. ते कलम फक्त चेकला आहे, हुंडी परत आली म्हणून कोणी जेलमध्ये जात नाही. आपला रस्ता सिव्हिल कोर्टाचा, सीपीसीच्या (दिवाणी प्रक्रिया संहितेच्या) ऑर्डर ३७ खाली समरी सूट, म्हणजे झटपट दावा, ज्यात समोरच्याला बचाव करायला आधी कोर्टाची परवानगी काढावी लागते त्यामुळे नेहमीच्या दाव्यापेक्षा लवकर उरकतं. व्यापारी व्यवहार आणि रक्कम ३ लाख किंवा वर असेल तर, तातडीचा स्टे वगैरे नको असेल, तर दाव्याआधी मीडिएशनला, म्हणजे मध्यस्थीला, जावंच लागतं. दाव्याची मुदत हुंडी पिकल्यापासून ३ वर्षं. व्याजाचा दर हुंडीत लिहिलेला नसेल तर कायदा वर्षाला १८ टक्के देतो, तेव्हा समोरचा "१२ टक्के लिहू या" म्हणाला तर सरळ तो रकाना रिकामा सोडा आणि चहा मागवा.