स्टेप न शिकवता मुलांना नाचवायचं कसं

गॅदरिंगचा नाच बसवणं वेगळं आणि सर्जनशील नृत्याची कार्यशाळा घेणं वेगळं. गॅदरिंगला तुम्ही पुढे उभं राहून स्टेप दाखवता, मुलं ती उचलतात. कार्यशाळेत तुम्ही फक्त अट घालता, हालचाल मुलांनी शोधायची. म्हणून पहिला नियम शिकवणाऱ्याला: करून दाखवायचं नाही. एकदा हात हलवून दाखवलात की सगळ्यांचे हात तसेच हलतात आणि पुढचा अर्धा तास ते मोडण्यात जातो.

इथली आखणी पाचवी ते सातवीसाठी, जोडून घेतलेल्या दोन पिरियडची, म्हणजे साधारण ७० मिनिटांची आहे. त्यातली १० मिनिटं रांग, बूट-मोजे आणि पाण्याच्या बाटल्यांत जाणार, ती आधीच वजा करा. एका वेळी २४ ते २८ मुलं पुरेत. वर्गात पन्नासहून जास्त असतील तर निम्मी चित्रकलेच्या बाईंकडे पाठवा. वेळ शक्यतो लहान सुट्टीनंतर वीसेक मिनिटांनी ठेवा. सकाळ अधिवेशनाची काही मुलं उपाशीच येतात, त्यांना पहिल्या तासाला गिरक्या घेताना चक्कर येते. डबा खाल्ल्या खाल्ल्या पळवलं तर पोटात दुखतं. दमा, फिट, नुकतंच मोडलेलं हाड यांची माहिती वर्गशिक्षकांकडून आदल्या दिवशी घ्या.

शाळेच्या हॉलला बहुधा कोटा किंवा टाइल्स असतात आणि खाली काँक्रीट. ही जमीन उडीचा धक्का जिरवत नाही, तो घोट्यांना आणि नडग्यांना बसतो. त्यामुळे सगळ्या उड्या मिळून पाच मिनिटांच्या वर नकोत आणि उतरताना गुडघे वाकलेले हवेत. ‘आवाज न करता उतरा’ एवढं सांगितलं की ते आपोआप वाकतात. सतरंजी गुंडाळून ठेवा, ती सरकते आणि पाय अडकतो. मोजे काढायलाच लावा. जून ते सप्टेंबर ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत लादीला ओल सुटते, तेव्हा आधी कोरडं फडकं मारून घ्या आणि पळण्याचे खेळ वगळा. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कार्यशाळा असेल तर भिंतीवरच्या आरशांवर जुन्या चादरी टाका. आरसा दिसला की मुलं स्वतःला न्याहाळत बसतात.

सामान थोडं लागतं: एक खंजिरी किंवा हलगी, झांज, सहा-सात जुन्या ओढण्या, डझनभर टिपऱ्या, कागदी चिकटपट्टी. स्पीकर पहिल्या सत्रात नकोच. ओळखीचं गाणं लागलं की रीलमधल्या स्टेप बाहेर येतात, त्यात मुलांचा दोष नाही. शिवाय खंजिरी तुमच्या हातात असते, मुलांचा वेग बघून तिचा वेग बदलता येतो. झांजेचे दोन ठोके म्हणजे जागच्या जागी थांबणं, हे पहिल्याच मिनिटाला पक्कं करा. पत्र्याच्या छपरावर पाऊस कोसळत असेल तर झांजही ऐकू येत नाही, तेव्हा दोन्ही हात वर ही खूण ठेवा.

सुरुवात ‘डोंगराला आग लागली, पळा पळा’ने करा. खेळ सगळ्यांना येतो, समजावण्यात वेळ जात नाही. थांबताना मात्र अट: शरीराचे तीनच भाग जमिनीला टेकलेले हवेत. मग दोन, मग पाच. दहा मिनिटांत अंग तापतं आणि लाजही उतरते, कारण सगळेच एकदम करत असतात, बघणारं कोणी नसतं.

आता मुख्य भाग, म्हणजे सूचना कशी द्यायची. ‘फुलपाखरू व्हा’ म्हटलं की सगळे हात फडफडवतात. अट अडवणारी हवी: ‘कोपरं कमरेला चिकटलेली आहेत, आता उडून दाखवा.’ हात बंद झाले की पाठ, मान, टाचा कामाला लागतात. नृत्य आणि हालचालींचे अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) यांनी हालचालीत जोर, वेळ, जागा आणि ओघ हे चार घटक वेगळे काढले. सूचना रचताना त्यांचा फार उपयोग होतो. एकच कृती, समजा जमिनीवरची वस्तू उचलणं, आधी जड, मग हलकी. झटकन, मग अगदी सावकाश. सरळ रेषेत, मग वळसे घेत. अडखळत, मग वाहती. एका वेळी एकच घटक बदला. दोन एकदम बदलले की मुलं गोंधळतात आणि ओळखीच्या स्टेपकडे परततात.

विषय जवळचा घ्या. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो नेरूळ-सीवूड्सच्या बऱ्याच मुलांनी पाहिलेले असतात, पण सांगितलं तर सगळे एका पायावर उभे राहतात. त्याऐवजी पक्षी काय करतो ते सांगा: चोच उलटी करून पाण्यात घालतो, पायांनी चिखल ढवळतो, उडण्याआधी पाण्यावरून काही पावलं धावतो. मग अट: डोकं कमरेच्या खाली, पाय जागच्या जागी चिखल ढवळताहेत, खंजिरी वाजली की धावत वर. डोकं खाली वीसेक सेकंदच, नाहीतर घेरी येते. त्यानंतर थवा: चार मुलं शंकरपाळीच्या आकारात, सगळ्यांची तोंडं एकीकडे. टोकावरचं मूल हलेल तसं बाकीचे हलतात. थवा वळला की टोक बदलतं आणि पुढारीही. इथे घाई होतेच. मागच्यांना दिसेल इतकं हळू हलायचं, हे दोनदा तरी सांगावं लागतं.

सहावी-सातवीत मुलगे-मुली हात धरत नाहीत. जबरदस्ती करू नका. दोघांच्या तळव्यांमध्ये टिपरी आडवी धरायला द्या, छातीच्या उंचीवर, आणि ती न पाडता दोघांनी खोलीभर फिरायचं. एखादं मूल कोपऱ्यात उभं राहील. त्याचा हात ओढू नका, खंजिरी त्याच्याकडे द्या. चाकाच्या खुर्चीतलं मूल असेल तर ‘पाय’ऐवजी ‘शरीराचा खालचा भाग’ म्हणा, अट सगळ्यांना सारखी राहते.

शेवटच्या २० मिनिटांत रचना. पाच-पाच जणांचे गट एक-दोन-तीन मोजून पाडा, मैत्रीने पाडू नका. सुरुवातीचा पुतळा, तीन हालचाली, शेवटचा पुतळा, एवढंच. ‘सात मिनिटं’ म्हणून सांगा, मग तीन वाढवून द्या. सुरुवातीलाच दहा दिलीत तर पहिली पाच भांडणात जातात. बघणाऱ्यांना ‘आवडलं का’ विचारू नका, ‘काय दिसलं’ विचारा. ‘रियाचा एक पाय शेवटपर्यंत हललाच नाही’ हे उत्तर ‘छान होतं’पेक्षा दसपट कामाचं. मोबाइलवर शूटिंग करायचंच असेल तर फक्त या भागात. कॅमेरा दिसला की सगळे त्याच्याकडे तोंड करतात.

पालकांना दाखवायचं असेल तर ते हॉलमध्येच, तीन बाजूंना खुर्च्या मांडून. गडकरी रंगायतनसारख्या रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला बसतो, थव्याची पुन्हा ओळ होते आणि मागची मुलं झाकली जातात. पोशाख पीटीचा.

आणि चिकटपट्टी त्याच दिवशी काढा. दोन-तीन दिवस राहिली तर डिंक लादीला धरून बसतो आणि पुढच्या वेळी हॉलची किल्ली मागायला गेलात की शिपाईमामा तोंड वाकडं करतात.