गिअरबॉक्सचं माउंटिंग उघडण्याआधी

क्लच सोडला की गाडी हलायच्या आधी बोनेटखालून ‘खट्ट’ असा आवाज येतो. ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की पुन्हा तसाच. सिग्नलला उभं असताना गिअरचा दांडा थरथरतो आणि रिव्हर्स टाकताना तर गाडीला कुणी खालून ढुशी दिल्यासारखं वाटतं. बहुतेक वेळा हे माउंटिंगचं, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणाऱ्या रबर-धातूच्या आधाराचं, दुखणं असतं. आपले मेकॅनिक त्यालाच फाउंडेशनही म्हणतात. काम घरी होण्यासारखं आहे, अर्ध्या दिवसाचं आहे. पण अर्धवट उघडल्यावर ‘अरे, हे आणायचं राहिलंच’ असं म्हणायची वेळ यात येऊ नये, कारण त्या क्षणी तुमचा गिअरबॉक्स जॅकवर टेकलेला असतो. म्हणून ही यादी पाना हातात घेण्याआधीची आहे. उदाहरणाला मी चाकणला तयार झालेली फोक्सवॅगनची पोलो, त्यातही २०१४ नंतरची दीड लिटरची डिझेल घेते. पुण्यात ती चिकार दिसते आणि तिची रचना समजली की आडवं इंजिन असलेल्या बऱ्याच गाड्यांची समजते.

आधी इंजिन कशावर उभं आहे ते डोक्यात पक्कं करा. खरं तर ते उभं नाही, टांगलेलं आहे. उजवीकडे इंजिनाचं माउंटिंग, डावीकडे बॅटरीच्या ट्रेखाली गिअरबॉक्सचं, आणि तिसरं खाली, गिअरबॉक्सपासून सबफ्रेमपर्यंत (इंजिनाखालच्या धातूच्या चौकटीपर्यंत) गेलेला एक आखूड दांडा, ज्याला हाडाच्या आकारामुळे डॉगबोन म्हणतात. वजन वरची दोन माउंटिंग पेलतात. खालचा दांडा वजन पेलत नाही, तो फक्त इंजिनाला मागेपुढे झोके घेऊ देत नाही. या डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २३० न्यूटन मीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकांपर्यंत पोचेतो तो दहापटीहून जास्त होतो, आणि जेवढा जोर चाकांना मिळतो तेवढाच उलटा जोर इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला पिळतो. ते पिळणं हीच तीन रबरं झेलतात. वजनाचं माउंटिंग आणि झोक्याचं माउंटिंग हा फरक लक्षात ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यावरच होतात.

आता निदान. नवा पार्ट आणून बसवला आणि आवाज तसाच राहिला, असं होणाऱ्यांची संख्या कमी नसावी. कुणाला तरी गाडीत बसवा. आमच्याकडे हे काम माझा धाकटा भाऊ करतो. हँडब्रेक ओढलेला, उजवा पाय ब्रेकवर घट्ट, बोनेट उघडं. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही, तुम्ही बाजूने बघायचं. आत बसलेल्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच चावण्याच्या जागेपर्यंत, म्हणजे गाडी ओढ घ्यायला लागते तिथपर्यंत, आणायचा आणि लगेच दाबायचा, मग तेच रिव्हर्समध्ये. इंजिन थोडं कलणारच, रबर त्यासाठीच आहे. पण ते उसळी मारून आपटत असेल, धातूवर धातू लागल्याचा आवाज येत असेल, तर शंका खरी ठरली. मग इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, कटावणीने माउंटिंगच्या बाजूला हलकेच उचकून बघा. रबराला बारीक सुरकुत्या असणं म्हणजे म्हातारपण, तेवढ्यावरून बदलायची घाई नको. रबर धातूपासून सुटलेलं असेल, आरपार चिरलं असेल किंवा एका बाजूला पूर्ण दबून बसलं असेल तर मात्र त्याचे दिवस भरले. काही गाड्यांच्या माउंटिंगमध्ये द्रव भरलेला असतो. तिथे तेलकट ओघळ दिसला तर तेही संपलं.

याच वेळी बाकीचे संशयित मोजून घ्या. फक्त वळताना टक-टक होत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा सांधा बघा. खड्ड्यातच धडधडत असेल तर सस्पेन्शनचे भाग: लोअर आर्मचं बुश किंवा लिंक रॉड. न्यूट्रलमध्ये खडखडतं आणि क्लच दाबला की आवाज बदलतो, तर क्लच-फ्लायव्हीलकडे वळा. आणि सगळ्यात आधी, माउंटिंगचे बोल्ट घट्ट आहेत का तेवढं पाहा. आधी कुणी क्लचचं काम केलेलं असेल तर हे नक्कीच पाहा.

रबरावर तेल आहे का? असेल तर थांबा. नैसर्गिक रबर इंजिनाच्या तेलाने फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. गळती वरच्या गॅस्केटची असो की शाफ्टच्या सीलची, ती आधी बंद करा. नाहीतर नवं रबरही त्याच वाटेने जाईल.

आता मुख्य प्रश्न: बदलायचं की कडक करायचं? माझं मत स्पष्ट आहे. वजन पेलणारं माउंटिंग फाटलं असेल तर कंपनीच्याच कडकपणाचं नवं घाला, त्यात प्रयोग नको. कडक करायची हौस असेल, किंवा गाडीचा टॉर्क वाढवलेला असेल, तर ती हौस खालच्या डॉगबोनवर भागवा. त्याच्या रबराच्या पोकळ्यांत बसणारे पॉलियुरेथेनचे (रबरासारख्या, पण जास्त कडक प्लास्टिकचे) तुकडे मिळतात. ते बसवले की दांड्याचं खेळणं कमी होतं, गिअर पडताना नेमकेपणा येतो, ॲक्सिलरेटरवर पाय ठेवताना आणि काढताना झटका कमी लागतो. त्याची किंमत मात्र केबिनमध्ये मोजावी लागते. जे थरथरणं रबर गिळत होतं ते आता सीटमध्ये आणि स्टिअरिंगवर येतं, सगळ्यात जास्त आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू), एसी चालू असताना. पेट्रोलवर ते खपतं, डिझेलवर जाणवतं. तीन सिलिंडरच्या इंजिनात तर आणखी जास्त.

कडकपणा शोअर ए या मापात सांगतात, आकडा जेवढा मोठा तेवढा तुकडा कडक. अंदाजासाठी, गाडीच्या टायरचा जमिनीला लागणारा थर साधारण ६० ते ७० असतो. रोजच्या गाडीत त्याच घरातला तुकडा निवडा. ९०च्या पुढचे ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. घरी वयस्कर माणसं गाडीत बसत असतील तर आधी त्यांचा विचार करा. माझ्या आईला पाठीचा त्रास आहे, म्हणून आमच्या गाडीत हा तुकडा मी घातला नाही, फक्त नवा डॉगबोन घातला, आणि निम्म्याहून जास्त झटके तेवढ्यानेच गेले. कडक करण्याआधी नवं रबर घालून आठवडाभर गाडी चालवून बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. फाटलेल्या रबराशी सवय झालेल्या हाताला नवं रबरच पुरेसं कडक वाटतं.

तिसरी वाट म्हणजे काचा चिकटवायच्या पॉलियुरेथेन सीलंटने पोकळ्या भरणं. होतं ते, स्वस्तही आहे, पण अटी आहेत. सिलिकॉन चालत नाही, ते या जोराला टिकत नाही. रबर सुटं काढून, तारेच्या ब्रशने घासून, तेलाचा अंश न ठेवता पुसून, पूर्ण कोरडं करूनच भरायचं. हे सीलंट हवेतल्या ओलाव्याने बाहेरून आत वाळतं, साधारण दिवसाला ३ मिलिमीटर, आणि आत जाईल तसं आणखी हळू. म्हणजे जाड थराला आठवडा तरी द्या. कोकणातल्या दमट हवेत जरा लवकर, देशावरच्या कोरड्या उन्हाळ्यात उशिरा. तोवर गाडी उभी राहील, त्याची सोय आधी लावा. द्रव भरलेल्या माउंटिंगच्या वाटेला याने जाऊच नका.

पार्ट आणायला जाताना गाडीचा चॅसिस नंबर, इंधन, इंजिन आणि गिअरबॉक्सचा प्रकार कागदावर लिहून न्या. मॅन्युअल आणि ऑटोमॅटिकची माउंटिंग दिसायला भावंडं असतात आणि बसायला वैरी. शक्य असेल तर जुन्या पार्टवरच्या नंबराचा फोटो काढून न्या. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याला हिंडून बरंच काही मिळतं, पण एक लक्षात ठेवा: रबर न वापरताही म्हातारं होतं. वर्षानुवर्षं फळीवर पडलेला ‘नवा’ पार्ट नवा नसतो. डब्यावरची किंवा पार्टवरची तारीख पाहा, रबर अंगठ्याने दाबून कडेला भेगा उघडतात का पाहा. स्क्रॅपमधून निघालेलं माउंटिंग तर मुळीच घेऊ नका. दरवाजा जुना चालतो, रबर नाही. आणि दुकानातच, पैसे देण्याआधी, भोकांमधली अंतरं फोटोशी ताडून घ्या. मला एकदा उलट्या बाजूचा पार्ट मिळाला होता आणि तो कळला तेव्हा जुना निघून जमिनीवर पडलेला होता.

बोल्टचं वेगळं लिहिते, कारण तिथेच सगळे चुकतात. या गाडीच्या माउंटिंगचे बोल्ट आधी ठरावीक न्यूटन मीटरला आवळून नंतर ठरावीक अंश आणखी फिरवायचे असतात. त्या शेवटच्या फिरवण्याने बोल्ट किंचित ताणला जातो आणि ताणलेला बोल्ट दुसऱ्यांदा वापरत नाहीत. म्हणून पार्टसोबत बोल्टही नवे आणा. आकडे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधून उतरवून घ्या, ऐकीव आकड्यावर जाऊ नका. ९० अंश म्हणजे पाव फेरा. त्यासाठी बोल्टच्या डोक्यावर आणि शेजारी पांढऱ्या रंगाची खूण करायला मार्कर लागेल. टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला आवळणारा पाना) नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागून आणा. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, त्यातले आटे एकदा गेले की माउंटिंगचं काम बाजूला राहून आटे पाडून घ्यायचं मोठं काम समोर येतं. म्हणून प्रत्येक बोल्ट सुरुवातीचे काही फेरे बोटांनीच, पाना न लावता. हवेची गन बसवताना अजिबात नको.

बाकी हत्यारं: १३, १६ आणि १८चे सॉकेट, रॅचेट, दोन लांबीचे एक्स्टेंशन, लांब हँडल, बॅटरीच्या टर्मिनलसाठी १०चा पाना, गंज सोडवणारं तेल, हातमोजे, डोळ्यांना चष्मा, डोक्याला बांधायची बॅटरी. आदल्या संध्याकाळी प्रत्येक बोल्टवर सॉकेट चढवून बघा. बसतो का, आणि हँडल फिरवायला जागा आहे का. गंज सोडवणारं तेल तेव्हाच मारा, पण जपून: जे रबर राहणार आहे त्याच्यावर ते उडता कामा नये.

जागा. इथे मला तडजोड मान्य नाही. सपाट, कठीण काँक्रीट हवं. सोसायटीतले पेव्हर ब्लॉक दिसायला सपाट असतात, पण वजन आलं की एखादा खचतो. आमच्याकडे जॅक असाच तिरका झाला होता. गाडीखाली तेव्हा कुणी नव्हतं, एवढंच. डिकीतला स्क्रू जॅक पंक्चरसाठी आहे, या कामासाठी नाही. ट्रॉली जॅक, दोन जॅक स्टँड आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लागतील. विटा नकोत, वीट वजनाखाली फुटते, सूचना न देता. गाडी स्टँडवर टेकवल्यावर हाताने जोरात हलवून बघा, ती आत्ता पडली तर चालेल, तुम्ही खाली गेल्यावर नाही. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, एका मिनिटासाठीही नाही.

गिअरबॉक्सला टेकू द्यायला दुसरा जॅक आणि त्यावर ठेवायला रुंद, जाड लाकडी ठोकळा. तो कवचाच्या मजबूत भागाखाली यायला हवा, ऑइल पॅनखाली किंवा ड्रेन प्लगवर नाही. नुसता डॉगबोन बदलायचा असेल तर या टेकूची गरज भासत नाही, इंजिन वरच्या दोन माउंटिंगवर लटकलेलं राहतं, फक्त थोडं झुलतं. डावं माउंटिंग काढायचं असेल तर टेकू आधी, बोल्ट नंतर. जॅकने वजन नुसतं पेलायचं, गाडी उचलायची नाही. माउंटिंगवरचा ताण गेला की बोल्ट सहज फिरायला लागतो, तीच योग्य उंची. गिअरबॉक्स लागेल तेवढाच खाली येऊ द्या, आणि तो येत असताना रेडिएटरचे पाइप, एसीची नळी, गिअरच्या केबल, वायरिंग आणि सायलेन्सरचा जाळीदार भाग ताणले जात नाहीत ना, यावर मदतीला असलेल्या माणसाला लक्ष ठेवायला सांगा.

डाव्या माउंटिंगसाठी बॅटरी आणि ट्रे निघणार. निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडा, जोडताना शेवटी. म्युझिक सिस्टीमला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. बॅटरी जोडल्यावर डॅशबोर्डवर एखादा पिवळा दिवा लागला तर घाबरू नका. स्टिअरिंग एकदा दोन्हीकडे पूर्ण फिरवलं, थोडी गाडी चालवली की बहुधा जातो. सुटं करण्याआधी प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो, आणि बोल्टसाठी खण असलेला जुना डबा.

सकाळी इंजिन थंड असताना सुरुवात करा आणि पाऊस धरला असेल तर दिवस बदला. नवं माउंटिंग बसल्यावर सगळे बोल्ट आधी सैल ठेवा, जॅक उतरवून वजन रबरावर येऊ द्या, इंजिन हाताने थोडं हलवून त्याला आपली जागा घेऊ द्या, आणि मगच आवळा. पिळलेल्या अवस्थेत आवळलेलं रबर पहिल्या दिवसापासून ताणात राहतं आणि थरथर जात नाही. आवळून झालं की डोक्यावरच्या पांढऱ्या खुणा पुन्हा ठळक करून ठेवा. ५०० किलोमीटर झाल्यावर बोनेट उघडून आणि खाली वाकून त्या खुणा जागच्या जागी आहेत का ते बघायचं आहे. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.