फंक्शन कुठं चढतं, कुठं उतरतं: डेरिव्हेटिव्हवरून कसं ओळखायचं?

बारावीत हे गणित आलं की बरेच जण डेरिव्हेटिव्ह काढतात, ते शून्याबरोबर मांडतात आणि आलेल्या दोन आकड्यांखाली रेघ ओढून मोकळे होतात. पण ते उत्तर नव्हे. शून्य म्हणजे नुसता बांध. पीक बांधाच्या अलीकडे-पलीकडे असतं.

य = क्ष³ − ६क्ष² + ९क्ष + २ हे फंक्शन घेऊ.

आधी डेरिव्हेटिव्ह काढा: ३क्ष² − १२क्ष + ९. दहावीत रेषेचा ‘चढ’ शिकलात तोच हा, फक्त वक्राला त्या त्या बिंदूपाशी काढलेल्या स्पर्शिकेचा. चढ धन असेल तर डावीकडून उजवीकडे जाताना आलेख वर जातो, ऋण असेल तर खाली.

मग अवयव पाडा: ३(क्ष − १)(क्ष − ३). बेरीज-वजाबाकीत चिन्ह लपून राहतं, गुणाकारात लगेच दिसतं. शून्य येतं १ ला आणि ३ ला. संख्यारेषेवर तिथं बांध घाला, तीन तुकडे होतील.

आता प्रत्येक तुकड्यातला एक सोपा आकडा डेरिव्हेटिव्हमध्ये घाला. (मूळ फंक्शनमध्ये नव्हे! घाईत नेमकं हेच होतं.) ० घातला तर ९, २ घातला तर −३, ४ घातला तर पुन्हा ९. किंमत किती याच्याशी देणंघेणं नाही, चिन्ह तेवढं बघा. एकच आकडा कसा पुरतो? चिन्ह बदलायचं तर शून्यावरून जावं लागतं, आणि शून्यं आपण सगळी टिपलीत.

म्हणजे १ पर्यंत वाढतं, १ ते ३ घटतं, पुढं वाढतं. ताळा करा: १ ला फंक्शनची किंमत ६, ३ ला २. उतरलं, जमलं.

बांधाच्या दोन्ही बाजूंना चिन्ह बदलेलच असंही नाही. क्ष³ चं डेरिव्हेटिव्ह ३क्ष². ० पाशी शून्य, पण दोन्हीकडे धनच. हे फंक्शन वाढतच राहतं.

खरी फसगत होते ती य = क्ष + १/क्ष मध्ये. डेरिव्हेटिव्ह १ − १/क्ष², शून्य येतं −१ आणि १ ला. इथंच थांबलात तर गेलात, कारण ० पाशी फंक्शनच अस्तित्वात नाही. तिथंही बांध हवा. −१ ते ० मध्ये डेरिव्हेटिव्ह ऋण, ० ते १ मध्येही ऋण. मग ‘−१ ते १ घटतं’ म्हणायचं? −१/२ ला किंमत −२.५ आणि १/२ ला २.५, म्हणजे उजवीकडे जाताना ती वाढली! चिन्हाचा नियम लग्रांजच्या मध्यमान प्रमेयावर (आलेखावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषेचा चढ मधल्या कुठल्या तरी स्पर्शिकेच्या चढाइतका असतो) उभा आहे, आणि ते प्रमेय सलग, न तुटलेल्या भागापुरतंच बोलतं. म्हणून हे दोन भाग उत्तरात ∪ नं (संयोगाच्या चिन्हानं) जोडू नका. ‘−१ ते ० मध्ये घटतं, तसंच ० ते १ मध्ये घटतं’ असं वेगवेगळं लिहा.